उत्तरपत्रिकेतील पेशवाई : एकोणिसाव्या शतकातील तीन विद्यार्थी-निबंध

मराठी निबंधाचा इतिहास सामान्यतः नियतकालिकांच्या इतिहासाला जोडून सांगितला जातो. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ (१८३२), ‘प्रभाकर’मधून १८४८ पासून प्रसिद्ध झालेली लोकहितवादींची पत्रे हे त्याचे पूर्वपर्व आणि जानेवारी १८७४ मध्ये निघालेली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ हे त्याचे प्रौढ रूप, अशी ही परंपरा आखली जाते. तिच्यात तथ्य आहे. परंतु या आखणीत एक उगमस्थान झाकले जाते, ते म्हणजे शाळेचा वर्ग आणि परीक्षेची उत्तरपत्रिका. ज्या पिढीने मराठी निबंध घडवला तिने निबंध लिहिण्याचा पहिला अभ्यास वाचकांसाठी केला नव्हता. तो परीक्षकासाठी केला होता. साहित्य, इतिहास आणि जगातील घडामोडी या विषयांवर विद्यार्थ्याने काय लिहावे, किती लिहावे आणि कोठे थांबावे हे ठरवणारा एक सत्तावान वाचक या लेखनाच्या मुळाशी उभा आहे. त्या वाचकाचा विचार केल्याखेरीज या वाङ्मयप्रकाराची घडण नीट उलगडत नाही.

प्रस्तुत विवेचनात १८५५ ते १८६७ या काळातील तीन विद्यार्थी-निबंध विचारात घेतले आहेत. तिन्हींचा विषय थोड्याफार फरकाने एकच आहे : नुकतेच लयाला गेलेले मराठी राज्य. तिन्हींचे वाचक मात्र भिन्न आहेत. या भिन्नतेने त्या निबंधांचे भवितव्य ठरवले आणि पुढील वाङ्मयेतिहासाने तोच निवाडा फारशी तपासणी न करता पुढे चालवला.

१

‘निबंध’ हा शब्द मराठीला नवा नव्हता. हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ किंवा कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ यांसारख्या ग्रंथांना धर्मशास्त्राच्या परंपरेत निबंध म्हणत. विखुरलेली वचने एकत्र करावयाची, त्यांतील विरोधाचा परिहार करावयाचा आणि निर्णय सांगावयाचा, हे निबंधकाराचे कार्य. त्याचे स्वतःचे मत वचनांच्या रचनेतून प्रकट होई, ‘मला असे वाटते’ या स्वरूपात नव्हे. इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेल्या ‘एसे’ला हाच शब्द लावला गेला तेव्हा शब्द तोच राहून अर्थ पालटला. आता एका व्यक्तीने एका विषयावर स्वतःच्या बुद्धीने मांडलेला विचार म्हणजे निबंध. मात्र हा पालट वाटतो तितका पूर्ण नव्हता. शाळेतील निबंधालाही प्रमाणभूत ग्रंथांचा आधार लागे. स्मृतिवचनांच्या जागी बेकन, मेकॉले, एल्फिन्स्टन आले. निर्णय देण्याचा अधिकारही विद्यार्थ्याकडे नव्हता. तो परीक्षकाकडे होता.

विद्यार्थी-निबंधाची दोन लक्षणे येथे नोंदवणे आवश्यक आहे. पहिले, विषय लेखकाने निवडलेला नसतो. दुसरे, लेखनाचे फळ लेखनाबाहेर असते : गुण, पारितोषिक, शिष्यवृत्ती किंवा त्यांचा अभाव. १८४७ साली भाऊ दाजी लाड यांनी काठेवाड व कच्छ येथील बालकन्याहत्येवर लिहिलेला निबंध पारितोषिकपात्र ठरला. तेथे राज्यकर्त्यांचे सुधारणेचे धोरण आणि तरुण लेखकाची तळमळ एकाच दिशेने जात होती. करसनदास मूळजी या एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. विधवाविवाहावरील निबंधस्पर्धेसाठी त्यांनी लेखन चालवल्याचे कळताच ज्या नातलगांच्या आश्रयाला ते होते त्यांनी त्यांना घराबाहेर काढले. निबंध परीक्षकाच्या हाती पडण्यापूर्वीच घरच्या वाचकाने निकाल दिला होता. विद्यार्थी-निबंध हा निरुपद्रवी पाठ आहे अशी समजूत त्या काळच्या समाजाची नव्हती, हे या एका घटनेवरूनही दिसते.

परीक्षेबाहेर या लेखनाला दुसरे एक स्थान मिळाले, ते विद्यार्थ्यांच्या सभांत. १८४८ च्या जूनमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. निबंध वाचावयाचा आणि त्यावर चर्चा करावयाची ही तिची रीत. तिच्या गुजराती व मराठी शाखा निघाल्या. दादोबा पांडुरंग मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष झाले आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघू लागले. १८४९ मध्ये याच विद्यार्थ्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. म्हणजे निबंधातील विषय वर्गात राहिला नाही, तो कृतीत उतरला. सभेपुढे लेख वाचण्याची ही सवय पुढे किती दूर गेली याचे उदाहरण म्हणजे दादाभाई नौरोजी. या विद्यार्थिसभेत वावरलेल्या दादाभाईंनी १८६७ साली लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे ‘इंग्लंड्स ड्यूटीज टू इंडिया’ हा लेख वाचला, तेव्हा स्वरूप तेच होते : मांडलेला विषय, आकड्यांचे प्रमाण, समोर बसलेला न्यायकर्ता श्रोता. फक्त आता विषय लेखकाने निवडला होता आणि परीक्षा श्रोत्यांची होती.

गौरी विश्वनाथन यांच्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१८८९ नव्हे, शंभर वर्षांनंतरच्या १९८९ मधील) या ग्रंथाने इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनामागील राज्यकर्त्यांचा हेतू उघड केला. परंतु अध्यापनाचा हेतू आणि अध्ययनाचे फलित यांत अंतर असते. विद्यार्थ्याच्या निबंधात ते अंतर प्रथम दिसते.

२

पहिला निबंध मुक्ताबाईंचा. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत तीन वर्षे शिकलेल्या, मांग समाजातील या जेमतेम चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा ‘मांगमहारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत प्रसिद्ध झाला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनचे पत्र १८४२ साली अहमदनगर येथे सुरू झाले होते. पुढे ना. वि. जोशी यांच्या ‘पुणे शहराचे वर्णन’ (१८६८) या पुस्तकातही या निबंधाला स्थान मिळाले.

या निबंधाची रचना शाळेत शिकवल्या जाणाऱ्या निबंधासारखी नाही. विषयाची व्याख्या, त्याचे भाग, उदाहरणे आणि उपसंहार असा क्रम त्यात सापडत नाही. त्याऐवजी संबोधन बदलत जाते. आरंभी ईश्वराला उद्देशून बोलणे आहे. मग वेदांवर आपलीच मालकी सांगणाऱ्या ब्राह्मणांना उद्देशून प्रश्न आहेत. शेवटी मांग-महारांना शिक्षणाचे आवाहन आहे. मध्यंतरी जो युक्तिवाद येतो तो कोणत्याही तर्कशास्त्राच्या कसोटीस उतरेल असा आहे. वेद जर ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हांला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आमचा धर्मग्रंथ कोणता? आणि धर्मग्रंथच नसेल तर आम्ही धर्मरहित ठरतो. मग आम्ही कसे वागावे हे कोणी सांगावे? प्रतिपक्षाचे विधान मान्य करून त्यातून त्याला अडचणीचा निष्कर्ष काढणे, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची जुनी पद्धत आहे. ज्यांना त्या परंपरेचे दार बंद होते त्यांच्यातील एका मुलीने ती तिच्याच विरुद्ध वापरली.

इतिहासाचा भाग येतो तो येथेच. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करून खेळत. इमारतींच्या पायांत मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरत. विद्या शिकणे हा त्यांचा अपराध ठरे, असे हा निबंध सांगतो. प्रमाण म्हणून कोणता कागद पुढे केलेला नाही. प्रमाण आहे ते समाजाच्या स्मृतीचे. आणि वर्तमानाच्या संदर्भात देहाचे. छपराविना बाळंत होणाऱ्या स्त्रिया, ऊन-पावसात त्यांची होणारी दशा, हे वर्णन कोणत्याही पूर्वकालीन गद्यातून घेतलेले नाही. इंग्रजी राज्यात हा छळ थांबला आणि पुण्यात मोकळेपणाने वावरता येऊ लागले, याबद्दल कृतज्ञताही आहे.

या कृतज्ञतेकडे बोट दाखवून हा निबंध मिशनच्या प्रचाराचा एक नमुना ठरवणे सोपे आहे. ‘ज्ञानोदय’ला त्यातील ब्राह्मणी धर्मावरील टीका उपयोगी होती यात शंका नाही. पण ज्या धर्मात एकालाच अधिकार आणि बाकीचे वंचित, तो धर्म पृथ्वीवरून नष्ट व्हावा, ही जी मागणी निबंधात येते तिचा रोख कोणत्याही एका धर्मापुरता राहत नाही. परीक्षकाला हवे ते उत्तर देताना परीक्षकाने न विचारलेला प्रश्नही उपस्थित करणे, हे विद्यार्थी-निबंधाचे सर्वांत मोठे सामर्थ्य येथे दिसते.

३

दुसरा निबंध महादेव गोविंद रानडे यांचा. रानडे १८४२ साली जन्मले, मुंबई विद्यापीठाच्या १८५९ मधील पहिल्या प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण झाले आणि १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत त्यांचा समावेश होता. एल्फिन्स्टन कॉलेजात ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक सर अलेक्झांडर ग्रँट हे त्यांचे गुरू होते. मराठी राज्य व इंग्रजी राज्य यांची तुलना करताना रानड्यांनी एका निबंधात मराठी राज्याच्या बाजूने कौल दिला आणि ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली, ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे.

या हकिकतीचा उल्लेख बहुधा रानड्यांच्या बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून केला जातो. तिच्यातील वाङ्मयीन अर्थ त्याहून महत्त्वाचा आहे. दोन राज्यपद्धतींची तुलना हा त्या काळच्या इतिहास-अध्यापनाचा नेहमीचा पाठ. ग्रीस आणि रोम यांच्या संदर्भात असे तौलनिक निर्णय विद्यार्थ्याने द्यावेत, अशी अपेक्षाच असे. रानड्यांनी शिकवलेली पद्धत प्रामाणिकपणे वापरली. चूक झाली ती तुलनेचे दुसरे टोक वर्तमानात ठेवण्यात. अथेन्सविषयी जे स्वातंत्र्य होते ते पुण्याविषयी नव्हते. उदारमतवादी अध्यापनाची मर्यादा तत्त्वचर्चेत सापडली नसती. ती एका उत्तरपत्रिकेत सापडली आणि तिचे मोल रुपयांत ठरले.

मुक्ताबाई आणि रानडे यांचे निबंध शेजारी ठेवले तर एक विलक्षण उलटापालट दिसते. पेशवाईविषयी प्रतिकूल लिहिणारा निबंध गोऱ्या वाचकाने छापला. अनुकूल लिहिणाऱ्याला दंड केला. मात्र यावरून एक निबंध सत्तेचा आणि दुसरा सत्तेविरुद्धचा अशी विभागणी करणे घाईचे होईल. मुक्ताबाईंच्या दृष्टीने सत्ता दोन होत्या आणि त्यांतील नजीकची, रोजची, रस्त्यातली सत्ता इंग्रजांची नव्हती. रानड्यांच्या दृष्टीने सत्ता एक होती आणि ती समोर खुर्चीत बसली होती. दोघांनीही आपापल्या निकटच्या सत्तेला प्रश्न विचारला. ‘आपले राज्य’ या शब्दांतील ‘आपले’ कोणाचे, या प्रश्नावर त्यांची वाट वेगळी होते. आणि पुढील दीडशे वर्षांच्या महाराष्ट्रातील इतिहासविषयक वादांचा तोच कणा आहे.

दुसरी उलटापालट साधनांची. रानड्यांचा निबंध आज ओळखला जातो तो त्याच्या मजकुरावरून नव्हे, त्याला झालेल्या शिक्षेवरून. लेखकाचे पुढील जीवन मात्र तपशिलाने ज्ञात आहे. मुक्ताबाईंचा निबंध अक्षरशः उपलब्ध आहे, आणि लेखिका त्या निबंधापलीकडे इतिहासातून जवळजवळ नाहीशी होते. एकाकडे चरित्र उरले, दुसरीकडे संहिता. न्यायाधीश, ग्रंथकार, संस्थापक होण्याचा मार्ग ज्याला खुला होता त्याच्या विद्यार्थिदशेतील निबंधाला पुढील कर्तृत्वामुळे अर्थ प्राप्त झाला. जिला तो मार्ग खुला नव्हता तिचा निबंध हाच तिचा समग्र ग्रंथसंग्रह राहिला.

४

तिसरा निबंध नीळकंठ जनार्दन कीर्तने यांचा. डेक्कन कॉलेजात शिकत असताना कीर्तन्यांनी १८६७ साली पुण्यातील तरुणांच्या सभेपुढे ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर टीकात्मक निबंध वाचला. पुढे तो ‘इंदुप्रकाश’मधून प्रसिद्ध झाला. ज्या कॉलेजात ते शिकत होते त्याचा उगम १८२१ साली दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात उघडलेल्या पाठशाळेत होता. डफचा ग्रंथ १८२६ मधला. कॅप्टन केपन यांनी केलेले त्याचे भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने मराठी वाचकांना परिचित होते. अर्थात ज्या पुस्तकातून एक पिढी स्वतःचा इतिहास शिकली त्याच पुस्तकावर त्या पिढीतील एका विद्यार्थ्याने हा अभिप्राय दिला.

येथे परीक्षक बदलला. श्रोते बरोबरीचे होते, भाषा मराठी होती आणि परीक्षा विद्यार्थ्याची नसून पाठ्यग्रंथाची होती. डफच्या परिश्रमांचे मोल मान्य करून कीर्तन्यांनी त्याच्या चुका दाखवल्या, त्याने साधनांचा वापर कसा केला हे तपासले आणि एतद्देशीय बखरी व कागदपत्रे यांच्याकडे लक्ष वेधले. राज्यांची तुलना करून कौल देण्याऐवजी ‘हे कशावरून?’ असे विचारणे, ही या निबंधाची खरी देणगी. रानड्यांचा कौल शिक्षेने दडपता आला. पुराव्याविषयीचा प्रश्न दडपता येण्यासारखा नव्हता. १८७८ मध्ये निघालेला ‘काव्येतिहाससंग्रह’ आणि १८९८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली वि. का. राजवाडे यांची ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ही सारी त्या प्रश्नाची प्रदीर्घ उत्तरे आहेत. मराठी इतिहासलेखनाचा एक आद्य दस्तऐवज हा विद्यार्थ्याचा निबंध आहे, ही गोष्ट पुरेशा गांभीर्याने घेतली गेलेली नाही.

तथापि या देणगीला एक दुसरी बाजू आहे. अस्सल कागद हेच प्रमाण, असा दंडक एकदा स्थिर झाला की ज्यांच्या घरात कागद नव्हता त्यांचा इतिहासही उरत नाही. दप्तरे सरदारांची, सावकारांची, देवस्थानांची. गुलटेकडीच्या मैदानाविषयी मुक्ताबाईंनी सांगितलेली हकीकत कोणत्या दप्तरात शोधावयाची? ती शब्दशः घडली किंवा नाही हा इतिहाससंशोधकाचा योग्य प्रश्न आहे. परंतु बाजीरावाच्या पाडावानंतर जेमतेम चार दशकांत, त्याच शहरातील एका समाजात ती स्मृती त्या स्वरूपात जिवंत होती, हे स्वतःच एक ऐतिहासिक तथ्य आहे आणि त्याला १८५५ चा छापील पुरावा आहे. कीर्तन्यांच्या कसोटीला या पुराव्याची जात ओळखण्याचे साधन नव्हते.

५

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चे आठ वर्षांतील चौऱ्याऐंशी अंक या पार्श्वभूमीवर वाचले तर त्यांचे नवेपण अधिक नेमके होते. विष्णुशास्त्री हे शालेय लेखनाच्या परंपरेतूनच आले. संस्कृत कवींवरील त्यांचे निबंध प्रथम ‘शालापत्रका’त प्रसिद्ध झाले होते. जॉन्सन, ॲडिसन, मेकॉले हे कॉलेजातील पाठ्यलेखक त्यांचे आदर्श. ग्रीस-रोमचे दाखले, इंग्लंडच्या इतिहासाशी तुलना, विषयाचे पूर्वरंग-उत्तररंग ही सारी सामग्री उत्तरपत्रिकेतील. बदलला तो संबंध. विषय लेखकाने निवडला, परीक्षकाची खुर्ची लेखकाने बळकावली आणि मिशनरी, सुधारक, सरकारी विद्वान हे उमेदवार झाले. ‘माले’तील उपरोधाचा प्रसिद्ध सूर म्हणजे एका अर्थी गुण देण्याचा अधिकार उलटवून घेतलेल्या माजी विद्यार्थ्याचा सूर आहे. त्याचे बळ त्यातच आहे, आणि मर्यादाही. ज्या फुल्यांच्या शाळेतून मुक्ताबाई आल्या, त्या फुल्यांच्या ग्रंथांना ‘माले’ने जे गुण दिले त्यांत मजकुरापेक्षा लेखकाच्या भाषेची व जातीची तपासणी अधिक होती.

फुल्यांनी स्वतः हा अनुभव आधीच घेतला होता. त्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ सालीच दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले. ‘ज्ञानोदय’ने विद्यार्थिनीचा निबंध छापला त्याच वर्षी तिच्या शिक्षकाची संहिता परीक्षकांनी परत केली. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना उद्देशून आहे, देशी परीक्षक टाळून जगाच्या व्यवहारात दुसरा वाचक शोधण्याचा तो प्रयत्न आहे. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे रानड्यांकडून निमंत्रण आले, तेव्हा फुल्यांनी पत्राने ते नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांचे दुःख नाही त्यांच्या सभेशी आपला मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. तीन दशकांपूर्वी जे दोन निबंध एकमेकांना न भेटता लिहिले गेले, त्यांच्या भेटीचा प्रसंग जणू येथे आला आणि टळला.

रानड्यांनी १९०० साली ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ प्रसिद्ध केले. शिष्यवृत्ती गमावलेल्या निबंधाचा तो चार दशकांनी दिलेला प्रौढ पाठ म्हणता येईल. मराठी सत्तेच्या उदयाला भागवतधर्माच्या संतपरंपरेची, तीत सहभागी झालेल्या विविध जातींची पार्श्वभूमी आहे, हे त्यातील सूत्र. परीक्षकाला उत्तर देण्याच्या भरात तरुणपणी केवळ राज्यांची तुलना झाली असेल. आता त्या राज्यामागील समाज पुढे आला. पण हा समाज पुस्तकात येतो तो उदयाच्या संदर्भात. उदयानंतर त्याच समाजाच्या तळाशी काय घडले, हा मुक्ताबाईंचा विषय त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

मुक्ताबाईंचा निबंध वाङ्मयाभ्यासाच्या मध्यभागी आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दलित साहित्याच्या चळवळीने आणि स्त्रीवादी समीक्षेने जुन्या अंकांची पाने पुन्हा उलटली तेव्हा. सूझी थारू व के. ललिता यांच्या ‘वीमेन रायटिंग इन इंडिया’च्या पहिल्या खंडात (१९९१) त्याचे इंग्रजी भाषांतर आले. मात्र त्याचे वाचन आजही बहुधा ‘पहिली दलित लेखिका’ या एका गौरवात आटोपते. अग्रक्रमाचा मान देऊन संहिता बाजूला ठेवणे हाही परीक्षकाचाच एक प्रकार आहे. तो निबंध कीर्तन्यांच्या निबंधाशेजारी, इतिहासाच्या प्रमाणशास्त्रातील एक भूमिका म्हणून वाचला गेला पाहिजे. ‘निबंधमाले’शेजारी, मराठी गद्यातील संबोधनाच्या शक्यतांचा एक आरंभ म्हणून वाचला गेला पाहिजे.

अभ्यासक्रमांतून निबंधाचा इतिहास शिकवताना लेखकांची कालानुक्रमे यादी दिली जाते. तिच्याऐवजी वाचकांची यादी केली तर चित्र बदलते : मिशनचा संपादक, कॉलेजचा प्राचार्य, तरुणांची सभा, पारितोषिक समिती आणि अखेर वर्गणीदार. या प्रत्येकाने निबंधाच्या तोंडात काही शब्द घातले आणि काही काढून घेतले. एकोणिसाव्या शतकातील शाळांचे अहवाल, सभांची इतिवृत्ते, मासिकांचे जुने अंक यांतून विद्यार्थ्यांचे आणखी लेखन हाती येणे शक्य आहे. ते हाती आले तर त्याला बालबोध म्हणून बाजूला सारण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे लागेल की, मराठी राज्याविषयीचा प्रश्न कोणाचे राज्य, कोणासाठी आणि कशावरून, या तिन्ही अंगांनी प्रथम विचारला तो विद्यार्थ्यांनी.